टॉर्व्हिकचा बर्गर वाईट नाही

“गाड्या धुण्याचं केंद्र,” विन्स टेडेस्को म्हणाला. “गाडी आत घालायची, ब्रश गरागरा फिरतात, साबण उडतो, गाडी लख्ख होऊन बाहेर. माणूस एकसुद्धा लागत नाही. कटकटच नाही!”

आर्डिस हाउगेन तव्यावर लोण्यात कांदा परतत होती. आपल्याच दुकानात बसून, आपणच ओतलेली कॉफी पीत, माणूस एकसुद्धा लागत नाही असं आपल्यालाच सांगणाऱ्या या गृहस्थाकडे तिने एकदा पाहिलं आणि कांदा उलटला. मग ती म्हणाली, “बरं.”

टॉर्व्हिक बर्गरची आमच्या मिनेसोटात चार दुकानं. म्हाताऱ्या टॉर्व्हिकच्या मुलांनी ती न्यू जर्सीच्या एका कंपनीला विकून टाकली आणि कंपनीने विन्सला पाठवून दिलं. विन्स मार्च महिन्यात पातळसा कोट घालून आला होता, यावरूनच त्याला कोणी काही सांगत नाही आणि सांगितलं तर तो ऐकत नाही हे कळत होतं. तीन दुकानं मोठ्या रस्त्यांवर होती, ती कंपनी ठेवणार होती. चौथं आमच्या स्कोगलुंड गावातलं, आर्डिसचं. तिची अर्धी हयात त्या तव्यापुढे गेली होती आणि हाताखाली गावातल्या चार बायका होत्या.

“पण मी अन्याय करणारा माणूस नाही,” विन्स म्हणाला. “गावालाच विचारू. रविवारी सगळ्यांना गोळा करा. तीन बर्गर पुढ्यात ठेवू, तुमचा, रेड गल्चचा आणि डिंकीचा. चव, किंमत, आकार, तिन्ही बाबतीत तुलना. तुमचा पहिला आला तर दुकान राहील. नाही आला तर ब्रश.”

आर्डिसच्या जिवात जीव आला. रेड गल्च म्हणजे पलीकडच्या चौकातलं, तिखटाच्या नावाखाली माणसं जाळणारं दुकान. डिंकी म्हणजे स्वस्तातला, दोन बोटांत मावणारा बर्गर. तिच्या बर्गरवर तर अख्खं गाव वाढलेलं! हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तिच्या मनात आलं. पण आमच्याकडे असलं काही बोलून दाखवत नाहीत. ती म्हणाली, “करू या की.”

“तुम्ही खाऊन बघा ना एक,” तिने बशी पुढे सरकवली.

“नाही. मी तिन्हींतला एकही खाणार नाही. खाल्लं की मन कलतं.”

आता आमच्याकडे असं कोणी नाही म्हटलं तर बशी तिथेच ठेवतात. आर्डिसनेही ठेवली. विन्स मात्र खरंच न खाता उठून गेला. ती त्या बशीकडे बघतच राहिली.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. लायल हाउगेन ऐकून घेतो, पण उत्तराची घाई करत नाही. बटाटा संपवून तो म्हणाला, “गाव येईल म्हणा.”

“येईल काय, पळत येईल.”

“हं. येईल. पण बोलेल का?”

“बोलायला काय झालं? तोंडं नाहीत का?”

“आहेत की,” लायल म्हणाला आणि दुसरा बटाटा घेतला.

रविवारी प्रार्थना झाल्यावर गाव चर्चच्या तळघरात उतरलं. आमची सगळी लग्नं, मयतं आणि भांडणं याच तळघरात जेवतात. विन्सने टेबलं मांडून ठेवली होती. माणसं आली ती सगळी मागच्या भिंतीला चिकटून बसली. पुढची टेबलं ओस.

“पुढे या ना,” विन्स म्हणाला.

“इथे बरंय आम्हाला,” गाव म्हणालं.

शेवटी बिचाऱ्याने टेबलंच मागे ढकलत नेली. मग रविवारच्या शाळेचा पांढरा फळा ओढून आणला. त्यावर मुलांनी काढलेला मासा तसाच ठेवून त्याने बाजूला तीन रकाने आखले. आर्डिसला कॉफीच्या भांड्याशेजारी खुर्ची दिली.

“तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही,” तो म्हणाला. “खुणा नाहीत. डोळे वटारणं नाही. नाहीतर सगळं बाद.”

“मी कशाला बोलू?” आर्डिस म्हणाली आणि मांडीवर हात ठेवून बसली. पुढचा सगळा वेळ तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसणार होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला रेड गल्चचा बर्गर आला. त्याचं नाव ‘डायनामाइट’. पावाच्या दोन फाकांत मिरच्या, काळा रस्सा, तळलेल्या कांद्याची चकली असं काय काय रचलेलं. वरून खिळा ठोकावा तशी काडी खुपसलेली, नाहीतर ढासळायचाच. आमच्याकडे मिरपूडसुद्धा पाहुणे आले तरच काढतात. पहिला घास हार्लन ब्रेक्के याने घेतला. हार्लन म्हणजे गायी विकून निवृत्त झालेला शेतकरी, रोज दुपारी आर्डिसकडे खिडकीजवळ बसून जेवणारा. घास आत गेला आणि त्याचे कान लाल झाले. मग नाक. मग डोळ्यांतून पाणी.

“उफ्फ दा,” सोसवेनासं झालं की आमच्याकडे म्हणतात तसं तो पुटपुटला आणि शेजाऱ्याचं पाणी प्यायला.

“कसा आहे?” विन्सने विचारलं.

हार्लनने फार वेळ विचार केला. बनवणारा कोणाचा तरी मुलगा असेल, त्याला का दुखवा. “वेगळाच आहे,” तो म्हणाला.

“वेगळाच!” विन्सने फळ्यावर लिहिलं आणि पुढे चांदणी काढली.

आर्डिसने डोळे मिटले. ‘वेगळाच’ हा शब्द आम्ही फार जपून वापरतो. मागे मेव्हिसबाई लिंडक्विस्ट यांची सून स्वतःच्या लग्नात पांढऱ्याऐवजी निळा झगा घालून उभी राहिली होती, तेव्हा तो वापरला गेला होता. पोरगी दोन वर्षं चर्चला आली नव्हती.

चर्चचं स्वयंपाकघर जिच्या हुकमावर चालतं ती मेव्हिसबाई आता घास चावत होती. चावून झाल्यावर तिने रुमालाने ओठ टिपले. “करणाऱ्याने मेहनत मात्र खूप घेतलीय हो.”

“मेहनत!” चांदणी.

“मी तर असलं काही कधी खाल्लंच नव्हतं,” मागून एक बाई म्हणाली.

“नावीन्य!” चांदणी.

“याच्याबद्दल बोलण्यासारखं खूप आहे,” पाद्री म्हणाले आणि उरलेला बर्गर त्यांनी रुमालात गुंडाळला.

विन्सचा चेहरा खुलला. त्याने शेवटी दोन चांदण्या आपल्याच मनाने काढल्या. आर्डिसने ओठ असा चावला की दात उमटले.

मग डिंकी आले, ताटलीत बटणं सांडल्यासारखे. हार्लनने एक उचलला आणि तो कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

“कसा?”

“होता, होता,” हार्लन म्हणाला. “चांगलाच असणार.”

“किती सुटसुटीत आहे नाही?” मेव्हिसबाई म्हणाली. “भांडी पडायची नाहीत.”

“सोय!” विन्सने लिहिलं आणि चांदणी काढली.

आणि मग टॉर्व्हिकचे बर्गर आले. लोण्यात शेकलेला पाव, मऊ तपकिरी कांदा, कडा कुरकुरीत झालेलं मांस आणि त्यावर वितळून खाली ओघळलेलं चीज. तळघरात एकदम शांतता पसरली. चमच्यांचा आवाज नाही, हवामानाच्या गप्पा नाहीत. माणसं खाली मान घालून खात होती. हार्लनने तर पावाच्या शेवटच्या तुकड्याने बशी अशी पुसली की ती न धुता कपाटात ठेवता आली असती.

आर्डिसचा ऊर भरून आला.

“लोकहो?” विन्सने विचारलं. कोणी बोलेना. “अहो, काहीतरी बोला! हार्लन, तुम्ही?”

हार्लनने घसा खाकरला. “वाईट नाही,” तो म्हणाला.

ज्याने आपल्या पहिल्या नातवाला हातात घेतल्यावर ‘ठीक आहे’ म्हटलं होतं, त्या माणसाने हे म्हटलं होतं. आर्डिसला हुंदका आवरेना. तिने तो कॉफीच्या घोटाबरोबर गिळला.

“वाईट नाही,” विन्सने पडेल आवाजात लिहिलं. चांदणी नाही. “मेव्हिस मॅडम?”

“तक्रारीला जागा नाही,” मेव्हिसबाई म्हणाली. तिच्या मागची दोन टेबलं चमकून तिच्याकडे बघू लागली. इतकं उघड कौतुक तिने स्वतःच्या मुलांचंही केलं नव्हतं.

“खपून जाईल,” पाद्री म्हणाले.

“याहून वाईट खाल्लेत,” लायल म्हणाला. लायल तिचा नवरा असल्यामुळे तो एवढंच बोलू शकत होता.

विन्सने खांदे पाडले. “बरं, आकाराचं बघू. जो आणखी हवासा वाटेल त्याचा आकार लोकांना पटला.” त्याने टॉर्व्हिकची भरलेली परात उचलली आणि हार्लनपुढे धरली. “आणखी एक?”

“छे छे, नको,” हार्लन म्हणाला. त्याचा हात मात्र बशी पुढे सरकवत होता.

“नको,” विन्सने नोंद केली आणि तो पुढे गेला. हार्लनची मान परातीबरोबर वळत गेली.

“आणखी, मॅडम?”

“अहो नको, दुसऱ्यांना लागेल.”

“नको.” पुढे. “तुम्हाला?”

“छे, कशाला, झालं की.”

“नको.” टेबलामागून टेबल नकार येत गेले आणि परात जशी आली तशीच भरलेली परत चालली. माणसं हताशपणे तिच्याकडे बघत होती. आर्डिसला राहवेना.

“पुन्हा विचारा!” ती ओरडली.

“बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं!”

“अहो, पण एकदाच विचारून कोणी हो म्हणतं का? तीनदा विचारायचं असतं!”

“आमच्याकडे नाही म्हणजे नाही,” विन्स म्हणाला. “आणखी एक शब्द काढलात तर मी तुमचा रकानाच पुसून टाकीन.”

आर्डिस खाली बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आमच्याकडची माणसं रागावली की फक्त कॉफीच्या भांड्याचं झाकण जरा जोरात बसवतात. तिने ते बसवलं.

विन्सला मधल्या टेबलावर टॉर्व्हिकचा एक चतकोर तुकडा उरलेला दिसला. तो म्हणाला, “चला, निदान हा तरी कोणाला हवाय?” मेव्हिसबाईने चतकोराचा अर्धा कापून घेतला. पुढच्या माणसाने त्या अर्ध्याचा अर्धा घेतला. त्याच्या पुढच्याने त्याचाही अर्धा. शेवटचा तुकडा घेणारा म्हणून नाव कोणाला लावून घ्यायचं होतं? फिरत फिरत वाटाण्याएवढा कण बशीत राहिला आणि तो कोणीच घेईना.

“शेवटचा घाससुद्धा जात नाही,” विन्सने कीव येऊन लिहिलं.

आता किंमत उरली होती. रेड गल्चसाठी किती द्याल, असं विचारल्यावर गाव पेचात पडलं. एवढी मेहनत केलेली, कमी कसं सांगायचं? “असेल की पंधरा डॉलरचा,” मेव्हिसबाई म्हणाली. “सोळासुद्धा असेल,” पाद्री म्हणाले. टॉर्व्हिकसाठी विचारल्यावर मात्र सगळे सैलावले. आपल्या घरच्या माणसाच्या मालाला भरमसाट किंमत सांगायची म्हणजे मिरवणंच की ते.

“अहो, याला काय,” हार्लन प्रेमाने म्हणाला. “पाच?”

“साडेचार,” मेव्हिसबाई त्याहून प्रेमाने म्हणाली.

आर्डिसने डोक्याला हात लावला.

निकाल लागला. रेड गल्च पहिला. डिंकी दुसरा. टॉर्व्हिक मासा काढलेल्या कोपऱ्यात, सगळ्यांत शेवटी. विन्स फळ्यापाशी उभा राहून हळहळत्या सुरात म्हणाला, “आर्डिस, मला वाईट वाटतं. पण तुमच्या गावाला तुमचा बर्गर आवडत नाही. मे महिन्यात ब्रश बसतील.”

गाव म्हणालं, “बरं, हं.”

विन्स सामान आवरायला लागला तशी आर्डिस मेव्हिसबाईवर धावून गेली. “तुम्ही त्याला सांगत का नाही?”

“सांगितलं की! तक्रारीला जागा नाही म्हटलं मी. भर सभेत म्हटलं.”

“त्याला ते नाही कळलं. नीट सांगा ना!”

“अगं, याहून नीट कसं सांगायचं?” मेव्हिसबाई कुजबुजली. “तुझ्यासमोर तुझी स्तुती करू? लाज नाही वाटायची तुला?”

“वाटू दे! दुकान जातंय माझं!”

“हळू बोल. तो ऐकेल.”

“त्यानं ऐकावं म्हणूनच तर बोलतेय!” आर्डिस म्हणाली, पण खरं सांगायचं तर हळूच म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय एका रविवारात जात नाही. तिने हार्लनकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. लायल तिच्याकडेच बघत होता, आणि त्याला काय वाटतंय ते तिला कळत होतं, पण त्याचा विन्सला काय उपयोग?

विन्सने कोट चढवला. “चला, येतो मी.”

आमच्याकडे ‘येतो’ म्हटल्यावर माणूस लगेच जात नाही. आधी सगळे मांड्यांवर थाप मारून “बरं तर मग” म्हणतात. मग रस्ता कसा आहे ते निघतं. मग कोणाची तरी काकू त्याच रस्त्यावर घसरलेली असते, तिचं गुडघ्याचं दुखणं निघतं. जिन्यापाशी विन्सला हार्लनने अडवून बर्फावर गाडी कशी चालवायची ते सांगितलं. दाराशी पाद्र्यांनी अडवलं. विन्सच्या पोटात सकाळपासून फक्त आमची कॉफी होती, आणि आमच्या कॉफीतून कपाचा तळ दिसतो. त्याचं पोट गुरगुरलं. ते सगळ्यांनी ऐकलं.

मेव्हिसबाई टॉर्व्हिकचा एक बर्गर बशीत घेऊन आली. दुकान गेलं म्हणून पाहुण्याला उपाशी पाठवायचं नसतं. “एवढा घ्या.”

“नको, मी तटस्थ आहे.”

“घ्या हो, वाया जाईल.”

“खरंच नको.”

“लांब जायचंय तुम्हाला. घ्या.”

विन्सने बशीकडे पाहिलं. निकाल तर लागला होता. त्याने बर्गर उचलून घास घेतला. चावता चावता थांबला. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि हनुवटीवरून लोणी ओघळत असताना तो भिंती हादरतील अशा आवाजात ओरडला, “आईशप्पथ! काय बर्गर आहे हा! अहो, जन्मात असला बर्गर खाल्ला नाही मी! आर्डिस, तुमचे हात सोन्याने मढवले पाहिजेत! अप्रतिम! स्वर्ग!”

आर्डिस कानापर्यंत लाल झाली. बायकांनी नजरा खाली वळवल्या. हार्लन ब्रेक्के उभा राहिला.

“बस्स झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“तुम्ही पाहुणे आहात म्हणून इतका वेळ गप्प बसलो. दुकान बंद करायचं तर करा. पण वर तिची टिंगल कशाला?”

“टिंगल? अहो, मी कौतुक करतोय!”

“असलं असतं का कौतुक?” हार्लनचा आवाज चढला. तो चढलेला आम्ही प्रथमच ऐकत होतो. “स्वर्ग काय, सोनं काय! आम्ही सगळे तिच्या बर्गरबद्दल बोलायचं ते बोललो. मनापासून बोललो. तुम्हाला पटत नव्हतं तर तसं सरळ सांगायचं!”

“तुम्ही? तुम्ही तर नावं ठेवलीत!”

“कोणी ठेवली नावं?”

“तुम्हीच! वाईट नाही म्हणालात!”

“मग?” हार्लन भांबावला. त्याने गावाकडे पाहिलं. “आता याच्यापुढे माणूस आणखी काय बोलणार?”

विन्सने आ वासला. तो फळ्याकडे वळला, मग गावाकडे, मग पुन्हा फळ्याकडे. “आणि ‘वेगळाच’ म्हणजे?”

पाद्र्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला डायनामाइट काढून हळूच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“आर्डिस,” विन्स खुर्चीवर बसत म्हणाला, “तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?”

“बोलायचं नाही म्हणाला होतात ना!” आर्डिस इतक्या जोरात म्हणाली की तिची तीच दचकली. “मी ओरडून सांगितलं तीनदा विचारा म्हणून! पालथ्या घड्यावर पाणी!”

विन्स जर्सीचा असला तरी मूर्ख नव्हता. त्याने कोट काढला, रेड गल्चची परात उचलली आणि हार्लनपुढे धरली. “आणखी एक?”

“नको.”

“घ्या हो.”

“नको, खरंच.”

“घ्याच.”

“बरं तर मग,” हार्लन मांडीवर थाप मारून म्हणाला आणि टोपी शोधू लागला. दुसऱ्या टेबलावरची माणसं तर तिसऱ्यांदा विचारायच्या आतच कोट चढवून जिन्याशी पोचली. विन्सने ती परात ठेवली आणि टॉर्व्हिकची उचलली. जिन्यावरची माणसं थांबली.

“हार्लन, आणखी एक?”

“छे, नको.”

“घ्या ना.”

“अहो कशाला, पोट भरलंय.”

“माझ्यासाठी म्हणून घ्या.”

“वाया जाणार असेल तर,” हार्लन म्हणाला आणि त्याने दोन उचलले. मेव्हिसबाईने एक घेतला, एक पर्समध्ये ठेवला. जिन्यावरची माणसं खाली आली. परात तिसऱ्या टेबलापर्यंतही पोचली नाही. विन्स रिकामी परात छातीशी धरून उभा राहिला आणि मग त्याने बाहीने अख्खा फळा पुसून टाकला, माशासकट.

दुकान राहिलं. विन्सने वरच्यांना काय सांगून पटवलं कोण जाणे, पण मे महिना आला आणि ब्रश काही आले नाहीत. आर्डिस तव्यापुढे, चार बायका हाताखाली, हार्लन खिडकीजवळ. सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तेवढ्यात एका रविवारी चर्चला जाताना मोठ्या रस्त्याच्या वळणावर लायलने गाडी थांबवली.

वळणावर दोन खांबांवर नवीकोरी पाटी उभी होती. पिवळ्या रंगावर हातभर उंचीची लाल अक्षरं: ‘टॉर्व्हिक बर्गर, स्कोगलुंड. वाईट नाही!’

“अरे देवा,” आर्डिस म्हणाली. “वर उद्गारचिन्हसुद्धा दिलंय.”

लायलने बराच वेळ पाटी वाचली. “जरा जास्तच झालं,” तो म्हणाला.

चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. प्रवचन नेमकं गर्वावर होतं. कॉफीच्या वेळी मेव्हिसबाई म्हणाली, “आमच्या वेळी दुकानाचं नाव लिहीत असत, तेवढंच पुरायचं.” हार्लननेही दोन दिवस खिडकीजवळची जागा सोडून आत, भिंतीकडे तोंड करून जेवण केलं. आर्डिसला वाटलं, ब्रश परवडले असते. निदान त्यांनी तोंड वर करून असली फुशारकी मारली नसती!

बुधवारी तिने विन्सला फोन लावला.

“काढा ती पाटी.”

“का? परजिल्ह्यांतून गाड्या येताहेत! लोक पाटी वाचून हसतात आणि वळतात!”

“गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला. मी स्वतःच स्वतःला वाईट नाही म्हणवून घेते, असं झालंय. काढा.”

“बरं,” विन्स म्हणाला. त्याच्याकडे नाही म्हणजे नाही असतं, तसं काढा म्हणजे काढा. “उद्या सकाळीच माणूस पाठवतो.”

“उद्या वारा आहे म्हणतात,” आर्डिस म्हणाली. “शिडीवरून पडायचा बिचारा.”

“मग परवा.”

“परवा तिथली माती ओली असेल. गाडी रुतेल त्याची.”

“मग पुढच्या आठवड्यात.”

“पुढच्या आठवड्यात तलावावर सुट्टीची माणसं यायला लागतील,” आर्डिस म्हणाली. “त्यांना वळण सापडत नाही हो. दरवर्षी चुकतात.”

“मग काढू का नको?”

“काढायचीच आहे,” आर्डिस ठासून म्हणाली. “मी कुठे नको म्हणतेय? घाई नाही एवढंच.”

त्या संध्याकाळी लायल वळणावरून येत होता, तर पाटीपाशी बायकोची गाडी उभी. आर्डिस शिडीवर चढलेली, हातात ओलं फडकं, खाली बादली. ट्रकांनी उडवलेला चिखल ती पुसत होती. लायलने गाडी थांबवून काच खाली केली.

“पडशील. उतर खाली.”

“उतरते,” आर्डिस म्हणाली आणि एक पायरी आणखी वर चढली. “उद्गारचिन्हावर एवढा एक डाग राहिलाय.”